चिंचोके, काड्या आणि मणी: लहान मुलांच्या गणित-खेळांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि अंगणवाडी-बालवाडीतल्या ताईंसाठी आहे. खाली सांगितलेलं बहुतेक सामान घरात असतं किंवा शंभर-दोनशे रुपयांत जमतं.

आमच्या मुलीला शंभरपर्यंत अंक पाठ आहेत. तरी वस्तू मोजताना ती चुकते. असं का?

म्हणणं आणि मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत. अंक म्हणणं हे बडबडगीतासारखं आहे, चाल लागली की येतं. मोजताना मात्र तीन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात: शब्दांचा क्रम चुकू द्यायचा नाही, प्रत्येक वस्तूला एकच शब्द द्यायचा आणि शेवटचा शब्द म्हणजे ‘एकूण किती’ हे कळायचं.

घरीच पारखून बघा. ताटात १५ चिंचोके ठेवा आणि म्हणा, “मला सात दे.” मोजणं कळलेलं मूल सातवर थांबतं. न कळलेलं मूल मूठभर उचलून देतं, नाहीतर १५ संपेपर्यंत मोजतच राहतं. दुसरी पारख अशी: पाच चिंचोके मोजून झाल्यावर लगेच विचारा, “मग किती आहेत?” मूल पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं, तर शेवटच्या शब्दाचा अर्थ अजून पोचलेला नाही.

नेहमीची चूक म्हणजे बोट पुढे जातं आणि तोंड मागे राहतं, किंवा एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. त्यावर उपाय म्हणजे बोट दाखवून मोजायचंच नाही, वस्तू सरकवायची. डावीकडच्या ताटातून एक उचलायचा, उजवीकडच्या ताटात टाकायचा, टाकताना शब्द म्हणायचा. पहिले दोन-तीन आठवडे पाचच्या पुढे जाऊ नका. तीन चिंचोके मोजले की त्यावर वाटी पालथी घालून विचारा, “आत किती?” झाकलेलं न बघता मुलाला सांगता आलं, म्हणजे संख्या डोक्यात बसायला लागली.

सामान काय काय आणि किती लागेल?

शंभर चिंचोके (धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, नाहीतर कीड लागते), आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि बारा रबरबँड, दोन रंगांचे पन्नास-पन्नास मणी, दीड मीटर जाड दोरी किंवा परकराची नाडी, एक फासा, कपडे वाळत घालायचे दोन-चार चिमटे. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ पटासाठी आणि पत्त्यांसाठी उपयोगी पडते.

अंड्यांचा ३० खणांचा ट्रे या खेळांसाठी फार छान. पण अंडी ठेवलेला पुठ्ठ्याचा ट्रे धुता येत नाही, म्हणून दुकानदाराकडून कोरा मागून घ्या. नाही मिळाला तर पुठ्ठ्यावर चौकटी आखल्या तरी काम होतं.

कोणत्या बिया देऊ नयेत?

गुंजा अजिबात नकोत. लाल-काळ्या, एकसारख्या, हातात घ्याव्याशा वाटतात, पण बी फुटली किंवा चावली गेली तर ती जीवघेणी विषारी आहे. एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्याही तशाच; खेड्यांत मुलं बिट्ट्यांनी खेळतात, म्हणून मुद्दाम सांगत आहोत. यांपैकी काही चावलं किंवा गिळलं गेल्याची शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली बी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

हरभरा, वाटाणा, राजमा यांचा धोका वेगळा आहे. मूल ते नाकात घालतं, ओलाव्याने दाणा फुगतो आणि काढणं अवघड होतं. बारीक लोहचुंबक आणि बटणासारखे सेल खेळाच्या डब्यात कधीच नकोत. तीन वर्षांच्या आतल्या किंवा अजून सगळं तोंडात घालणाऱ्या मुलासाठी सोपा नियम: टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती द्यायची नाही. त्या वयात वाट्या, डब्यांची झाकणं, बटाटे मोजावेत. चिंचोके मोठ्या भावंडासाठी काढलेले असले तरी धाकट्यावर डोळा ठेवून बसावं लागतं.

दहाची चौकट म्हणजे काय?

दोन ओळी, प्रत्येकी पाच घरं. अंड्यांच्या ट्रेच्या दोन-दोन ओळी कापल्या की एका ट्रेतून अशा तीन चौकटी निघतात. भरताना वरची ओळ डावीकडून पूर्ण भरायची आणि मगच खालची सुरू करायची. हा क्रम पाळला तर सात म्हणजे ‘वर पाच, खाली दोन’ हे चित्र डोळ्यांत बसतं आणि तीन घरं रिकामी आहेत हेही त्याच नजरेत दिसतं. मुलाने चिंचोके कुठेही टाकले तर चौकट निरुपयोगी ठरते, दर वेळी नव्याने मोजावं लागतं.

सहा वर्षांपुढे दोन चौकटी शेजारी ठेवा. एकीत आठ, दुसरीत पाच. “पहिली भरायला किती हवेत?” दोन. ते दोन दुसरीतून उचलून पहिलीत टाकले की दहा आणि तीन, तेरा. शाळेत ८ + ५ पाठ करून घेतात. इथे ते हाताने घडतं. रोज असे चार-पाच जोड पुरेत.

चिंचोक्यांचा आणखी काही खेळ आहे का?

आहे, आणि या पानावर एकच खेळ करायचा असेल तर हा करा.

चिंचोका खरखरीत दगडावर किंवा फरशीच्या खडबडीत बाजूवर घासून त्याचं वरचं तपकिरी साल एका बाजूने काढा, पांढरा गर दिसेपर्यंत. एक बाजू काळपट, एक पांढरी. हे काम मोठ्यांनी करायचं. अडकित्त्याने फोडायला गेलं तर चिंचोका सटकतो आणि बोट सापडतं. चल्लस-आठ किंवा अष्टा-चंगा खेळताना कवड्या नसल्या की असेच चिंचोके टाकतात.

पाच चिंचोके मुलाच्या ओंजळीत द्या, खुळखुळवून टाकायला सांगा. किती पांढरे, किती काळे? तीन पांढरे, दोन काळे. कागदावर दोन उभे रकाने करून प्रत्येक डाव ठिपक्यांनी मांडा. दहा-बारा डावांनंतर कागदावर ३ आणि २, ४ आणि १, ५ आणि ० अशा जोड्या जमतात, आणि कोणत्याही डावात बेरीज पाचच येते हे मूल आपणहून सांगतं. मग पुढची पायरी: टाकलेल्यांतले काळे वाटीखाली झाका. पांढरे दिसतायत तीन, तर झाकलेले किती? मूल बोट न वापरता लगेच ‘दोन’ म्हणालं की सहा चिंचोके घ्या. असं करत दहापर्यंत जायला तीन महिने लागले तरी हरकत नाही. बेरीज आणि वजाबाकी एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे इथे शब्दशः चिंचोक्याच्या दोन बाजूंवर दिसतं.

सापशिडी चालेल ना?

चालेल, पण पाच-साडेपाच वर्षांनंतर. सापशिडीच्या पटावर पहिली ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उलटी जाते. त्यात लहान मूल वाट चुकतं, आणि शंभर घरांचा पट त्याच्यासाठी फार लांब असतो.

त्याआधी दहा घरांची सरळ पट्टी करा. कॅलेंडरच्या पाठीवर ५ सेंमीचे दहा चौकोन, डावीकडून १ ते १०. एका काडीच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ लिहा, तोच फासा. रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी या संशोधकांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना असाच पट खेळायला दिला होता. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १५ ते २० मिनिटांच्या चारच बैठकांनंतर मुलांची संख्यांची समज वाढलेली दिसली. त्याच पटावर अंकांऐवजी रंग असलेला खेळ खेळलेल्या मुलांमध्ये ती वाढ नव्हती.

गोम मोजण्याच्या पद्धतीत आहे. सोंगटी ४ वर आहे आणि दान २ पडलं, तर मूल “एक, दोन” म्हणत सरकतं. त्याऐवजी “पाच, सहा” म्हणायला लावा, म्हणजे घराचा अंक वाचत जायचं. दुसरी हमखास चूक म्हणजे सोंगटी ज्या घरात आहे तेच ‘एक’ धरणं. सोंगटी आधी उचलायची, हवेत धरायची आणि मग पुढच्या घरात टेकवायची, एवढ्यानेच ती चूक सुटते.

मुलगा पंचवीस सांगितलं की ५२ लिहितो. काही दोष आहे का?

दोष नाही. तो ऐकलं तसं लिहितो आहे. मराठीत ‘पंच’ आधी येतं आणि ‘वीस’ नंतर; लिहिताना मात्र वीसचा २ आधी. त्यात प्रत्येक नाव वेगळं वळण घेतं: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. प्रत्येकात दोन आहे, पण दोन हा शब्द कुठेच नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला, विधिमंडळातही पोचला. आमचं मत असं: ‘पंचवीस’ हा शब्द सोडायचा नाही, आणि ‘वीस आणि पाच’ हे म्हणून दाखवायलाही लाजायचं नाही. काही महिने दोन्ही सोबत चालू द्यावं.

हाताने करायचं ते असं. काड्यांच्या दहा-दहाच्या गड्ड्या मुलाने स्वतः मोजून, स्वतः रबरबँड लावून बांधायच्या. तयार गड्डी दिली तर त्याच्या लेखी ती एक जाड काडीच राहते, आत दहा आहेत हे त्याला जाणवत नाही. मग दोन गड्ड्या आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवा, गड्ड्या डावीकडे.

आता पत्ते. पुठ्ठ्याच्या १२ सेंमी लांबीच्या पट्ट्यांवर १०, २०, ३० ते ९० लिहा, आणि ६ सेंमीच्या तुकड्यांवर १ ते ९. दोन्हींची उंची सारखी, आणि लांब पट्टीवरचं शून्य बरोबर उजव्या अर्ध्या भागात. गड्ड्यांसाठी २०ची पट्टी, सुट्यांसाठी ५चा तुकडा; तुकडा पट्टीच्या उजव्या टोकावर ठेवला की शून्य झाकलं जातं आणि २५ दिसतं. तुकडा उचलला की खालून वीसचं शून्य पुन्हा निघतं. पोरांना ही उघडझाप फार आवडते. हे हातात बसेपर्यंत अंकलेखनाचं डिक्टेशन थांबवा.

एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर मुलं हमखास अडकतात.

अडकणारच. अठ्ठावीसपर्यंत ‘वीस’ ऐकू येत होतं आणि अचानक ‘तीस’ आलं, म्हणून मूल एकोणतीस ३९ लिहितं. इथे मण्यांची माळ कामाला येते. १० मिलिमीटरचे मणी, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर ओवा. माळ एक मीटर भरते. दोरी दीड मीटर घेतली तर गाठी आणि सरकवायची ढील दोन्ही सुटतात. ढील ठेवली नाही तर मणी वेगळे सरकत नाहीत आणि चिमटा लावता येत नाही.

तीस मणी मोजून तिथे चिमटा लावा. मग चिमटा एक मणी मागे. “तीसला एक कमी, एकोणतीस.” चाळीसला एक कमी, एकोणचाळीस. ‘एकोण’ म्हणजेच एकाने उणं, हे मूल मागे सरकवलेल्या मण्यात बघतं. नव्व्याण्णव तेवढं या रांगेत बसत नाही, ते वेगळं सांगायचं.

३ आणि ६ उलटे काढते, आणि कधी १ ला ‘नाइन’ म्हणते.

देवनागरी ३ आणि ६ जवळजवळ एकमेकांचं आरशातलं रूप आहेत (छत्तीसचा आकडा म्हणजे पाठ फिरवलेली दोन माणसं, ती यामुळेच). सहा-सात वर्षांपर्यंत अंक उलटे येणं सर्रास दिसतं. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा आणि ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच आठवड्यात सुरू झाल्या की गोंधळ वाढतो. ताटात रवा पसरून बोटाने मोठा अंक गिरवायला द्या. एका लिपीतले दहा अंक पक्के झाले की दुसरी घ्या.

शाळा सेमी-इंग्रजी आहे. मोजायला मराठीत शिकवू की इंग्रजीत?

घरात जी भाषा बोलता तिच्यात. कल्पना एकदा कळली की तिला दुसऱ्या भाषेतलं नाव लावणं हे थोड्या दिवसांचं काम असतं. इंग्रजीत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ कानाला सारखे लागतात. तेवढ्यासाठी एक गड्डी तीन सुट्या आणि तीन गड्ड्या असे दोन ढीग शेजारी ठेवून ऐकवा.

बोटांवर मोजू द्यावं का?

हो. अडवलं तर मूल टेबलाखाली मोजतं. मात्र पेरांवर नको, बोटांवर. एका बोटाला तीन पेरं असल्यामुळे पाच-पाच आणि दहाची मांडणी हरवते.

वजाबाकीतला ‘हातचा’ कसा समजवायचा?

‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ हे वाक्य आम्ही वापरत नाही. उसना घेतलेला परत द्यावा लागतो, इथे कोणीच काही परत देत नाही. ‘सुटे करणं’ म्हणा. दहाची नोट सुटी करून आणणं मुलाने पाहिलेलं असतं.

४३ − १७ असं करा. चार गड्ड्या, तीन सुट्या काड्या. सतरा द्यायच्या आहेत. सात सुट्या द्यायला गेलं तर तीनच आहेत. एका गड्डीचा रबरबँड मुलालाच काढू द्या: आता तीन गड्ड्या, तेरा सुट्या. सात दिल्या, सहा उरल्या. एक गड्डी दिली, दोन उरल्या. सव्वीस. प्रत्येक पायरी काड्यांनी केल्यावर लगेच वहीत लिहायची. आधी सगळ्या काड्या आणि नंतर सगळी वही असं केलं, तर ते दोन वेगळे विषय होऊन बसतात.

पाढे कधी सुरू करावेत?

म्हणायला पाच वर्षांपासूनही हरकत नाही, चाल छान असते. पण चारचा पाढा म्हणणाऱ्या मुलाला तीन ताटल्यांत चार-चार शेंगदाणे मांडायला सांगा आणि एकूण किती ते विचारा. पाढा आणि ताटल्या यांचा संबंध त्याला लागत नसेल तर आधी ताटल्या. अंड्यांचा अख्खा ट्रे आडवा धरला तर पाच ओळींत सहा-सहा, उभा धरला तर सहा ओळींत पाच-पाच. अंडी तीसच. पाच सक आणि सहा पाचे एकच का, याचं उत्तर ट्रे फिरवण्यात आहे.

अपूर्णांक या वयात झेपतात का?

शब्दांपासून सुरुवात करा, कारण मराठीसारखी श्रीमंती इथे थोड्याच भाषांत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, मग साडेतीन. मूल नियम लावून ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणतं. त्याला हसू नका, नियम त्याला कळलाय याची ती खूण आहे. फक्त सांगा, साडेएकला आपण दीड म्हणतो आणि साडेदोनला अडीच.

पोळी घडी घालून अर्धी, पुन्हा घडी घालून पाव. चार पाव पुन्हा ताटात जुळवून अख्खी पोळी करायलाच हवी, तोडून खाल्ली की धडा अर्धाच राहतो. भाकरी घडी घातली की मोडते, तिथे सुरीने कापा. वाटण्या असमान झाल्या तर “तुला कुठला हवा?” विचारा, मोठा तुकडा निवडणाऱ्याला ‘सारखे भाग’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

रांगोळीचा उपयोग होतो का?

ठिपक्यांच्या रांगोळीचा खूप. ‘सात ते चार’ ठिपके काढा: ४, ५, ६, ७, ६, ५, ४, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या ठिपक्यांच्या मधोमध. आधी अंदाज, मग मोजणी. ३७ येतात. आता मधला एक ठिपका सोडून बाहेरची कडी मोजा: सहा, त्याबाहेर बारा, त्याबाहेर अठरा. सहाचा पाढा उंबऱ्यावर बसलेला असतो.

महागडे संच विकत घ्यावेत का?

माँटेसरीच्या सोनेरी मण्यांचा संच उत्तम असतो, पण तो वर्गासाठी. तीन ते आठ वयासाठी एनसीईआरटीने २०२३ मध्ये आणलेला ‘जादुई पिटारा’ शाळेत आला असेल तर बघून घ्या. घरासाठी मात्र गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि त्या व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच बालवाडीचं साहित्य उभं केलं.

मूल चुकलं की काय बोलायचं?

“कसं ओळखलंस?” एवढंच. पण बरोबर आलं तरीही हेच विचारायचं. आपण फक्त चुकल्यावर विचारलं तर मुलं चार दिवसांत ओळखतात आणि प्रश्न ऐकताच उत्तर बदलतात. एक नमुना:

“सहा आणि तीन किती गं?”
“आठ.”
“कसं ओळखलंस?”
“सहा, सात, आठ. झाले तीन.”

चूक बेरजेची नाही, सहाच पहिला मोजला गेला. सहा चिंचोके वाटीखाली झाका, बाहेर तीन ठेवा. वाटीवर टिचकी मारून “सहा” म्हणायचं, मग बाहेरच्यांना हात लावत सात, आठ, नऊ. ‘चूक’ म्हणून थांबलो असतो तर हे कळलंच नसतं.

वेळही बेताचा ठेवा. चार वर्षांच्या मुलाला पाच-दहा मिनिटं, सात वर्षांच्याला पंधरा-वीस. मूल उठून गेलं की खेळ संपला.

अडचण खरंच आहे हे कधी समजावं?

पाच वर्षं पूर्ण झाल्यावरही महिनोन्‌महिने खेळून ‘तीन दे’ जमत नसेल, किंवा सात-आठ वर्षांचं मूल ६ आणि ९ यांत मोठा कोणता हे वस्तू समोर असूनही सांगू शकत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील तर बालविकास तज्ज्ञांना किंवा अध्ययन अक्षमतेचं मूल्यमापन करणाऱ्यांना दाखवा. तोवर खेळ थांबवू नका, संख्या मात्र लहान ठेवा.

पसारा फार होतो, काय करावं?

एक जुनी चादर पसरा, खेळ त्या चादरीच्या आत. आवरताना चिंचोके दहाच्या चौकटीत भरत डब्यात ओतायचे, दहा वेळा. शेवटची चौकट भरली नाही तर रिकामी घरं मोजायची आणि तेवढे चिंचोके कपाटाखाली शोधायचे. झाडूने ओढून काढण्याआधी किती सापडायला हवेत ते मुलालाच सांगू द्या.